वर्डची फाइल लिनक्सवर उघडली की पानं सरकतात: वर्ड प्रोसेसर बदलण्याआधी काय तपासावं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "तिकडे बरोबर होतं, इकडे सगळं विस्कटलं." खोदून विचारलं की लक्षणं वेगवेगळी निघतात.

- वर्डमध्ये ५२ पानांची असलेली फाइल इकडे ५५ पानांची होते.
- अनुक्रमणिकेतले आकडे आणि प्रत्यक्ष पानं जुळत नाहीत.
- तक्त्याची शेवटची ओळ किंवा सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर जाऊन बसते.
- एकाच ओळीत इंग्रजी शब्द मोठे आणि मराठी शब्द बारीक दिसतात.
- जोडाक्षरं फुटतात, किंवा मराठीच्या जागी अर्थ नसलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं येतात.
- चित्रं आणि मजकुराच्या चौकटी एकमेकांवर चढतात.
- इकडे दुरुस्त करून पाठवलेली फाइल तिकडे पुन्हा बिघडलेली दिसते.

मित्रांच्या, नातेवाइकांच्या, सहकाऱ्यांच्या फायलींवर हा बिघाड मी इतक्यांदा काढला आहे की आता तपासण्याचा क्रम हाताला बसला आहे. मदत मागायला येणाऱ्यांनी तोवर सहसा दुसरा, कधी तिसरा वर्ड प्रोसेसरही बसवून पाहिलेला असतो. त्यात एक संध्याकाळ जाते आणि पानं सरकलेलीच राहतात. कारण दोष प्रोग्रामचा क्वचित असतो. आधी फॉन्ट, मग कागदपत्राची बांधणी, मग फाइलचा प्रकार, आणि शेवटी प्रोग्राम. खाली त्याच क्रमाने जाऊ. वाक्यांत लिनक्स म्हटलं असलं तरी फ्रीबीएसडीसारख्या युनिक्सच्या इतर भावंडांवरही हेच लागू आहे, कारण प्रोग्राम तेच आहेत आणि फॉन्ट शोधण्याची यंत्रणाही तीच.

मूळ फाइलला हात लावू नका

प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. हे सांगावं लागतं, कारण बिघडलेली फाइल दिसली की माणूस स्पेसबार दाबून ती जागेवर आणायला लागतो आणि सवयीने सेव्ह करतो. वर्ड प्रोसेसर फाइल सेव्ह करताना त्याला जेवढं समजलं तेवढंच परत लिहितो. न समजलेली गोष्ट उघडताना नुसती दिसली नसेल, पण सेव्ह केल्यावर ती फाइलमधूनच जाऊ शकते. मग वर्डमध्ये उघडूनही ती परत येत नाही.

त्यासोबत पाठवणाऱ्याकडून त्याच फाइलची पीडीएफ मागवा. "बरोबर" म्हणजे नेमकं काय, हे डोळ्यांसमोर असल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. मला तर असेही लोक भेटले आहेत ज्यांची फाइल मुळातच तशी होती. पीडीएफ शेजारी ठेवली आणि शंका मिटली.

कागदाचा आकार

एका मिनिटाचं काम आहे. लिब्रेऑफिस रायटर या मुक्त वर्ड प्रोसेसरमध्ये फॉरमॅट मेनूतल्या पेज स्टाइलमध्ये आकार पाहा. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. लेटर कागद साधारण २१६ बाय २७९ चा, म्हणजे थोडा रुंद आणि जवळपास १८ मिलिमीटर आखूड. तेवढ्यात तीन ओळी मावतात. मिळालेली फाइल स्वतःचा आकार सोबत घेऊन येते, पण तुम्ही नवी फाइल उघडून मजकूर चिकटवला असेल तर आकार तुमच्या प्रणालीच्या भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगवरून ठरतो. प्रणाली बसवताना अमेरिकी इंग्रजी निवडली असेल तर लेटर येणं साहजिक आहे. समास पण इथेच दिसतात, तेही पीडीएफशी ताडून घ्या.

फॉन्ट: दहापैकी सहा-सात फायली इथेच सुटतात

हा माझा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण इथे घाई करू नका.

फाइलमध्ये सहसा फॉन्टचं फक्त नाव असतं. अक्षरांचे आकार तुमच्या संगणकावरून घेतले जातात. त्या नावाचा फॉन्ट नसेल तर प्रणाली न विचारता दुसरा लावते. त्याची अक्षरं केसभर जरी रुंद असली तरी कुठल्यातरी ओळीतला शेवटचा शब्द खाली जातो, परिच्छेद एका ओळीने वाढतो आणि पुढचं सगळं सरकतं. हिशोब करून पाहा: पानावर ३५ ओळी आहेत आणि दर पानाला एकच ओळ पुढे ढकलली गेली, तरी शंभर पानांमागे जवळजवळ तीन पानं वाढतात.

तपासायचं असं. बिघडलेल्या परिच्छेदात कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव पाहा. लिब्रेऑफिसमध्ये ते तिरप्या अक्षरांत दिसलं तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाही आणि डोळ्यांना दिसतोय तो बदली आहे. बदली म्हणून कोण आलाय हे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, सांगते: एफसी-मॅच (fc-match) ही आज्ञा आणि पुढे फॉन्टचं नाव द्या, की प्रत्यक्षात वापरल्या जाणाऱ्या फॉन्टची फाइल समोर येते. कॅलिब्री विचारल्यावर उत्तरात डेजाव्हू आलं तर तुमचा बिघाड तिथेच सापडला. डेजाव्हूची अक्षरं कॅलिब्रीपेक्षा बरीच रुंद आहेत.

उपाय फुकट आहे. मूळ फॉन्टच्या अक्षरांइतकीच रुंदी ठेवून बनवलेले मुक्त फॉन्ट उपलब्ध आहेत. टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन सेरिफ, एरियलसाठी लिबरेशन सॅन्स, कुरियर न्यूसाठी लिबरेशन मोनो. कॅलिब्रीसाठी कार्लिटो आणि कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया. वळण वेगळं असलं तरी प्रत्येक अक्षराने घेतलेली जागा तीच, म्हणून ओळ तिथेच तुटते. लिबरेशन बहुतेक वितरणांत, म्हणजे उबंटू-फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांत, आधीपासून असतात. कार्लिटो आणि कॅलाडिया मात्र अनेकदा वेगळे बसवावे लागतात, आणि वर्ड २००७ पासून अनेक वर्षं कॅलिब्री हाच वर्डचा ठरलेला फॉन्ट होता. तेव्हा एवढे दोन फॉन्ट बसवणं हा या पोस्टमधला सगळ्यात फायद्याचा उपाय आहे. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने ठरलेला फॉन्ट बदलून ॲप्टोस केला. नव्या फायलींमध्ये ते नाव तिरपं दिसलं तर पाठवणाऱ्याला वेगळा फॉन्ट वापरायला सांगणं हाच सरळ मार्ग.

फॉन्ट बसवल्यावर वर्ड प्रोसेसर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. चालू असलेल्या प्रोग्रामला नवा फॉन्ट दिसेलच असं नाही. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या स्वतंत्र पॅकिंगच्या पद्धतींनी बसवलेला प्रोग्राम असेल तर तो एका कप्प्यात चालतो आणि प्रणालीवरचे फॉन्ट किंवा बदलीचे नियम त्याला वेगळे दिसू शकतात. एफसी-मॅचने बरोबर उत्तर दिलं आणि तरी पडद्यावर चुकीचा फॉन्ट आला, तर वितरणाच्या स्वतःच्या भांडारातला तोच प्रोग्राम बसवून पाहा.

पाठवणारा ऐकणारा असेल तर त्याला फॉन्ट फाइलमध्येच बसवून पाठवायला सांगा. वर्डमध्येही ती सोय आहे, लिब्रेऑफिसमध्येही: फाइल मेनूतल्या प्रॉपर्टीजमध्ये फॉन्टचा टॅब आहे. फाइल मोठी होते, आणि काही फॉन्टचे परवाने याला मनाई करतात, पण जमलं तर वाद संपतो.

मराठी मजकुराचे दोन खास घोटाळे

पहिला, बारीक-मोठ्या अक्षरांचा. देवनागरी ही लिब्रेऑफिसच्या हिशोबाने संयुक्त मांडणीची लिपी आहे, त्यासाठी सीटीएल हा शब्द तिथे दिसेल. एकाच शैलीत रोमन लिपीचा फॉन्ट आणि आकार वेगळा, सीटीएलचा वेगळा साठवलेला असतो. वर्डच्या फाइलमध्येही हीच दुहेरी नोंद असते. कोणी फक्त रोमनचा आकार १२ केला आणि सीटीएलचा १० राहिला, की एकाच ओळीत दोन उंचीची अक्षरं येतात. एकेक शब्द निवडून मोठा करत बसू नका. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या सेटिंगखाली सीटीएल चालू आहे ना ते पाहा, मग परिच्छेदाची शैली उघडून तिच्या फॉन्टच्या टॅबमध्ये दोन्ही आकार एकदाच नीट भरा. सगळा मजकूर एका फटक्यात जागेवर येतो.

ओळींमधलं अंतर अचानक वाढलं असेल तर तेही इथलंच प्रकरण. देवनागरी फॉन्टमध्ये वरच्या मात्रा-वेलांट्यांसाठी आणि खालच्या उकारांसाठी राखलेली जागा प्रत्येकाची वेगळी असते. मूळ फाइल मंगल किंवा निर्मला यूआयमध्ये असेल आणि इकडे लोहित किंवा नोटो देवनागरी लागला, तर पानावर मावणाऱ्या ओळीच बदलतात. यावर मी करतो ते असं: शैलीमध्ये ओळींचं अंतर "एकपट, दीडपट" असं न ठेवता पॉइंटमध्ये ठरावीक देतो. मग फॉन्ट कुठलाही लागो, ओळी तेवढ्याच मावतात. अंतर फार कमी ठेवलं तर मात्रा आणि उकार छाटले जातात, म्हणून छापून एकदा पाहाच.

दुसरा घोटाळा रोमन अक्षरांचा. मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसत असतील तर ती फाइल युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला वेगळा संकेत देणारं मानक) येण्याआधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशांपैकी एकात टाइप झालेली आहे. त्या फाइलमध्ये खरोखरच रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले आहेत, फॉन्टने त्यांना देवनागरीचं रूप दिलं होतं. त्यामुळे जगातला कुठलाही वर्ड प्रोसेसर आपोआप ते मराठी करून दाखवणार नाही. तोच फॉन्ट बसवा किंवा त्या विशिष्ट फॉन्टसाठीच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणल्यावर रफार आणि पहिली वेलांटी असलेले शब्द डोळ्यांनी वाचून काढा. चुका बहुतांश तिथेच राहतात.

जोडाक्षरं फुटणं हे आता कमी झालं आहे. लिब्रेऑफिस ५.३ मध्ये, २०१७ साली, सगळ्या प्रणालींवर अक्षरजुळणीचं काम हार्फबझ या एकाच इंजिनाकडे आलं. त्याआधीची आवृत्ती असेल तर आधी ती बदला.

सगळ्याच फायली बिघडतात की एकच?

स्वतः नवी फाइल करून त्यात चार परिच्छेद लिहा. तिथेही गडबड दिसली तर दोष फाइलचा नाही, तुमच्या सेटिंगचा. लिब्रेऑफिसमध्ये हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. त्यात तुमच्या सेटिंग आणि एक्स्टेन्शन बाजूला ठेवली जातात. तिथे सगळं ठीक दिसलं तर तिथूनच सेटिंग मूळ पदावर आणता येतात. एवढंच पुरतं.

कागदपत्राची बांधणी

फॉन्ट बरोबर लागले आणि तरीही पानं सरकतात, तर कंट्रोल आणि एफ१० दाबा. न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतात: प्रत्येक स्पेसला ठिपका, प्रत्येक एंटरला परिच्छेदाची खूण.

एका नातेवाइकांचा प्रबंध माझ्याकडे आला होता. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू व्हावं म्हणून आधीचं प्रकरण संपल्यावर दहा, पंधरा, कधी वीस एंटर मारलेले. मुखपृष्ठावरचं नाव मध्यभागी आणायला चाळीसेक स्पेस. ज्या संगणकावर टाइप झालं तिथे ते शोभत होतं. दुसरीकडे एक ओळ वाढली आणि प्रकरणाचं शीर्षक पानाच्या मध्यावर येऊन थांबलं. यात कुठल्याच प्रोग्रामची चूक नव्हती. सगळी मांडणी त्या एका संगणकाच्या फॉन्टवर तोललेली होती.

इथे दुरुस्ती म्हणजे बांधणी बदलणं. एंटरच्या रांगा काढून तिथे पानतोड घाला, किंवा त्याहून चांगलं म्हणजे शीर्षकाच्या शैलीतच "आधी पान तोडा" असं सांगा. स्पेसच्या जागी मध्य संरेखन किंवा टॅब. शीर्षकांना हाताने ठळक न करता हेडिंगच्या शैली लावा. एफ११ दाबलं की शैलींची यादी उघडते. नंतर अनुक्रमणिकेवर उजवी क्लिक करून ती ताजी करा. ती स्वतःहून बदलत नाही, त्यामुळे आकडे चुकल्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात. शंभर पानांना दोन-तीन तास लागतात, पण ते एकदाच लागतात. तो प्रबंध पुढे दोन वेगळ्या संगणकांवर उघडला, शीर्षकं जागेवर राहिली.

चित्रं एकमेकांवर चढत असतील तर त्यांचा नांगर (अँकर), म्हणजे ती कशाला बांधली आहेत, ते पाहा. पानाला बांधलेलं चित्र मजकूर सरकला तरी जागचं हलत नाही आणि आदळतं. "अक्षर म्हणून" बांधलं की ते मजकुरासोबत चालतं.

फाइलचा प्रकार आणि ये-जा

ओडीटी हा लिब्रेऑफिसच्या फाइलचा, ओडीएफ या मानकातला प्रकार; डॉकएक्स हा वर्डचा. ओडीएफ हे मानक आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २००६ साली मान्य केलं. डॉकएक्सच्या मागचं मानक तिने २००८ साली मान्य केलं. दोन्हींत एकच गोष्ट सांगायची पद्धत वेगळी आहे, आणि दर रूपांतरात काहीतरी झिजतं. सकाळी डॉकएक्स, दुपारी ओडीटी, रात्री पुन्हा डॉकएक्स असा प्रवास आठवडाभर चालला की शैलींची नावं दुप्पट होतात, क्रमांकन तुटतं. म्हणून मूळ फाइल एकाच प्रकारात ठेवा. शेवटचा हात तुमचा असेल तर ओडीटी ठेवा आणि बाहेर देताना प्रत काढा. फाइल रोज वर्डवाल्यांकडे जात असेल तर सुरुवातीपासून डॉकएक्समध्येच राहा. समोरच्याला फक्त वाचायचं किंवा छापायचं असेल तर पीडीएफ द्या आणि विषय संपवा.

रूपांतरात मजकूर गळला नाही ना हे डोळ्यांनी शोधू नका. लिब्रेऑफिसमध्ये एडिट मेनूत ट्रॅक चेंजेसखाली दोन कागदपत्रांची तुलना करता येते.

आता प्रोग्राम बदलण्याचा विचार करा

इथपर्यंत येऊनही अडचण उरली असेल तर निवड महत्त्वाची ठरते, आणि ती "सगळ्यात चांगला कोणता" यावरून करू नका. तुमची फाइल कोणाशी देवाणघेवाण करते, यावरून करा.

लिब्रेऑफिस रायटर हा माझा पहिला पर्याय. ओपनऑफिसमधून २०१० साली वेगळा झालेला हा प्रकल्प ओडीटी हा स्वतःचा प्रकार मानतो. शैली, पानांचे प्रकार, देवनागरीची हाताळणी यांत त्याच्याइतकी खोली मला इतर मुक्त प्रोग्रामांत मिळाली नाही. वर्डच्या फायलींमधली अवघड मांडणी, तरंगत्या चौकटी, तक्त्यात तक्ते, हे त्याचं दुखरं अंग.

ओन्लीऑफिस बरोबर उलट बाजूने बांधला आहे. डॉकएक्सचं कुटुंब हाच त्याचा आतला पाया, ओडीटी उघडताना त्याला रूपांतर करावं लागतं. तुमचा सगळा व्यवहार वर्डवाल्यांशी असेल आणि तरंगत्या चौकटींनी छळलं असेल तर हा बसवून तीच फाइल उघडून पाहा. मराठी काम असेल तर आधी एका पानावर जोडाक्षरं, रफार आणि शोध नीट चालतात का पाहा, मगच त्यावर विसंबा.

ॲबीवर्ड हलका आहे आणि जुन्या संगणकावर चटकन उघडतो. पत्र, टिपण, साधा मजकूर यासाठी उत्तम. गुंतागुंतीची डॉकएक्स फाइल त्यात उघडून मांडणी टिकेल ही अपेक्षा ठेवू नका. कॅलिग्रा वर्ड्स केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांना जवळचा वाटतो, चौकटी मांडून पान रचायला बरा, पण वर्डसोबतच्या रोजच्या ये-जासाठी मी तो सुचवत नाही.

लिक्सचं नाव वेगळं काढतो, कारण तो या शर्यतीतला नाही. १९९५ पासून असलेला हा प्रोग्राम मागे लाटेक ही पानं जुळवणारी प्रणाली वापरतो. तुम्ही फक्त "हे शीर्षक, हे समीकरण, हा संदर्भ" एवढं सांगता, पानाची रचना तो करतो. समीकरणांनी भरलेला प्रबंध नव्याने सुरू करणार असाल आणि शेवटी पीडीएफच द्यायची असेल तर तो जरूर शिका. अर्धा झालेला वर्डमधला प्रबंध मात्र त्यात ओतू नका.

कुठे थांबायचं

फाइल उघडतच नसेल आणि ती एकच प्रत असेल तर प्रयोग थांबवा. डॉकएक्स आणि ओडीटी दोन्ही खरं तर झिप पेट्या आहेत. प्रतीवर एकदा पेटी सोडवून आतला मजकूर मिळतो का ते पाहायला हरकत नाही. पण डिस्क अडखळत असेल, इतर फायलीही वाचता येत नसतील, तर संगणक बंद करा आणि डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या. अशा डिस्कवर प्रत्येक जादा प्रयत्न नुकसान वाढवतो.

मॅक्रोवर, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांवर, चालणारे अर्ज आणि नमुने घरी दुरुस्त करू नका. वर्डसाठी लिहिलेले मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये काही चालतात, काही नाही, आणि अर्धवट चाललेला मॅक्रो आकडे चुकवतो. ते ज्याने लिहिले त्याच्याकडे किंवा मॅक्रो लिहिणाऱ्या जाणकाराकडे न्या.

डिजिटल सही असलेली फाइल फक्त वाचा. एक स्वल्पविराम बदलला तरी सही रद्द होते. करार, न्यायालयात द्यायची कागदपत्रं, पान क्रमांकांवर बोट ठेवून वाचली जाणारी कुठलीही गोष्ट असेल तर अंतिम प्रत मूळ प्रोग्राम असलेल्या संगणकावरच काढून घ्या. आणि मुदत उद्यावर आली असेल तर बांधणी बदलायला आज बसू नका, ज्याचं हे रोजचं काम आहे अशा टंकलेखन-मांडणी करणाऱ्याला बोलवा.

त्याच्याकडे जाताना चार गोष्टी सोबत द्या: हात न लावलेली मूळ फाइल, पाठवणाऱ्याची पीडीएफ, तिरप्या अक्षरांत दिसलेल्या फॉन्टची नावं, आणि तुमच्या प्रोग्रामचं नाव व आवृत्ती, जी हेल्प मेनूत अबाउटखाली मिळते.